अँकी: कार्ड कसे लिहावे आणि कोणते बटण कधी दाबावे

प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारे अँकी हे अ‍ॅप 2006 पासून वापरात आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट मिळते, आयफोनसाठी एकदा पैसे भरावे लागतात. दिसायला रुक्ष आहे, पण स्मृतीबद्दल मानसशास्त्राला जे पक्के ठाऊक आहे ते इतके नेमके राबवणारे साधन विरळाच.

शिकलेले सुरुवातीला भराभर निसटते, मग सावकाश, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 साली दाखवले. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र आठवून पाहण्याचा सराव केलेले पुढे गेले. अँकी या दोन्हींचा मेळ घालते: विसरायच्या बेतात असताना प्रश्न समोर आणते आणि उत्तर झाकून ठेवते.

पण आठवले की नाही, हे उत्तर उघडल्यावर बटण दाबून आपणच सांगायचे असते. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या अध्यापन यंत्रातही विद्यार्थी आधी उत्तर लिहायचा आणि मग बरोबर उत्तराशी ताडून पाहायचा. इथे लिहिण्याची सक्ती नाही, म्हणून उत्तर उघडल्यावर ‘हे तर येतच होते’ असे वाटून गफलत होते. उघडण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणावे. चुकले असेल तर ‘अगेन’च (पुन्हा) दाबावे. ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवले, पण कष्टाने’. विसरलेल्या कार्डाला ‘हार्ड’ दिले की अँकी ते आठवले असे धरते आणि पुढची तारीख लांब टाकते. पुढे पाठांतर कच्चे राहते आणि दोष मात्र अँकीला दिला जातो.

खरी मेहनत कार्ड लिहिण्यात आहे. ‘साधक अभिसंधानाचा (परिणामांवरून वर्तन शिकण्याचा) सिद्धांत स्पष्ट करा’ हे कार्ड वाया गेलेच म्हणून समजा: उत्तरात सहा-सात मुद्दे, त्यातले चार आठवले तर बटण कोणते दाबायचे? एका कार्डात एकच गोष्ट असावी, आणि नुसती व्याख्या पुरत नाही. ‘नकारात्मक प्रबलन म्हणजे काय?’ याचे उत्तर घडाघडा म्हणणारेही त्याला शिक्षा समजतात. म्हणून असे लिहावे: ‘पट्टा लावेपर्यंत गाडीत बीप वाजत राहते, लावताच थांबते. पट्टा लावण्याची सवय कशाने पक्की होते?’ मागच्या बाजूला: ‘नकारात्मक प्रबलन. त्रासदायक उद्दीपक दूर झाला आणि वर्तन वाढले. शिक्षेने वर्तन घटते.’ अशी तीन-चार वेगवेगळी उदाहरणे केली नाहीत तर संकल्पनेऐवजी ‘बीप’ हा शब्दच ओळखीचा होऊन बसतो.

सेटिंगमध्ये फार हात घालू नये. कार्ड पुन्हा कधी दाखवायचे हे ठरवणारी एफएसआरएस ही पद्धत 2023 च्या शेवटी आली, ती चालू करावी. ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे उजळणीच्या वेळी किती प्रमाणात कार्डे आठवावीत याचे लक्ष्य, मुळात 0.90 आहे, तेवढेच ठेवावे. 0.95 केले की उजळणीचा भार बराच वाढतो आणि पदरात त्या मानाने थोडेच पडते. रोजची नवी कार्डे मुळात 20 असतात. हा आकडा निरुपद्रवी दिसतो, पण काही आठवड्यांत रोजची उजळणी 150-200 च्या घरात जाते, आणि चार दिवस खंड पडला की ढीग साचतो. बहुतेकजण इथेच सोडून देतात. सुरुवात 8-10 ने करावी. ढीग साचलाच तर नवी कार्डे शून्यावर आणून आधी जुनी संपवावीत.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी ‘लीच’ अशी खूण करते. हे मला त्यातले सर्वांत उपयोगी वाटते. तेच कार्ड घोकत बसू नये, फोडून दोन करावीत किंवा मूळ धड्याकडे परत जावे. बहुधा ती गोष्ट समजण्याआधीच कार्डावर चढलेली असते.

ती समज अँकी देऊ शकत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी म्हटलेला आधार, म्हणजे शिकणारा अडला की जाणत्याने नेमकी पुढची पायरी दाखवणे, यात कुठेच नाही. पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्थांची नावे आणि क्रम कार्डांवरून पाठ होतील. मूल अमुक उत्तर का देते, हे कळायला एखाद्याशी वाद घालावा लागतो किंवा मुलाच्या पुढ्यात सारखेच पाणी वेगवेगळ्या आकाराच्या दोन पेल्यांत ओतून पाहावे लागते. कार्ड त्यानंतर लिहावे.