क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, भूगोलाच्या तासाला घ्यावा का? माझे ५ पैकी ४ स्टार

मी सांगलीत अकरावीला भूगोल शिकवतो. सागरजलाच्या क्षारतेचा धडा आला की पोरं "सरासरी दरहजारी ३५" (म्हणजे हजार ग्रॅम समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) एवढं पाठ करतात आणि पुढं सरकतात. म्हणून हा हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, गावातल्याच लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातनं, मत्स्यटँकवाले वापरतात तोच, ० ते १०० पट्टीचा.

वापर एकदम सोपा. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण हळू सोडायचं म्हणजे बुडबुडा अडकत नाही, उजेडाकडं धरून डोळा लावला की वर निळं खाली पांढरं दिसतं, दोन्हीची सीमा पट्टीवर जिथं येते तो आकडा. आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्यावर आणायचा, त्यासाठी बारका स्क्रूड्रायव्हर बॉक्समध्येच येतो.

आम्ही काट्यावर तोलून तीन बाटल्या केल्या, ३२, ३५ आणि ३७. म्हणजे ३७ ला ३७ ग्रॅम मीठ आणि ९६३ ग्रॅम पाणी. ३२ म्हणजे साधारण उत्तरेकडचा बंगालचा उपसागर, ३७ म्हणजे उत्तर अटलांटिकचा मधला भाग, २५ अंश उत्तरेच्या आसपास. पोरांना वाटतं सगळ्यात खारट पाणी विषुववृत्तावर असणार, ऊन तिथं जास्त ना, पण तिथं पाऊसही धो धो पडतो. २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात वरनं कोरडी हवा खाली उतरते, आभाळ मोकळं, व्यापारी वारे सतत वाहतात, त्यामुळं पडणाऱ्या पावसापेक्षा वाफ होऊन जाणारं पाणी जास्त, आणि मीठ मागं राहतं.

मला यातली आवडती गोष्ट अशी की जिथं बाष्पीभवन पावसाला सगळ्यात जास्त मागं टाकतं बरोबर तिथंच सगळ्यात खारट पाणी नसतं. वाऱ्यानं वरचं पाणी ध्रुवाच्या बाजूला सरकत जातं, सरकता सरकता अजून वाफ होते, म्हणून खारटपणाचं शिखर थोडं पुढं सापडतं, आणि मग ते जड पाणी खाली उतरून पृष्ठाखालनं परत विषुववृत्ताकडं वाहतं. त्याच अक्षांशावर उत्तर पॅसिफिक मात्र ३५ च्या आसपासच, कारण अटलांटिकची वाफ वारे मध्य अमेरिका ओलांडून पॅसिफिकवर नेऊन टाकतात. हे फळ्यावर सांगून जेवढं पोचत नाही तेवढं ३५ आणि ३७ च्या दोन रेषा बघून पोचतं, खरंच.

आपल्या इथलं उदाहरणपण जोडता येतं. महाबळेश्वरचा पाऊस कृष्णेतनं आपल्या आयर्विन पुलाखालनं जातो तो बंगालच्या उपसागरात, आणि तिथलाच पलीकडं पडलेला सावित्रीतनं अरबी समुद्रात. उपसागर मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेमुळं गोडसर होतो, अरबीत मात्र ३६ च्या वर जातं.

आता कमी कुठं पडतो ते. पट्टीची एक रेघ म्हणजे १, आणि उघड्या समुद्राची खरी गंमत त्या रेघेच्या आत आहे. अटलांटिकच्या त्या खारट भागात ऋतूनुसार होणारा बदल एका रेघेएवढाही नसतो, तो भाग बघायला २०१२ मध्ये नासानं मुद्दाम मोहीम नेली होती. त्यांचा अ‍ॅक्वेरियस हा समुद्राची क्षारता मोजणारा उपग्रह (२०११ ते २०१५) महिन्याच्या सरासरीत ०.२ चा फरक पकडायच्या हिशोबानं बांधलेला, आणि आर्गो या जागतिक प्रकल्पाचे समुद्रात सोडलेले तरंगते फ्लोट पाण्याची विद्युतवाहकता मोजून ०.०१ पर्यंत जातात. तेवढं बारीक हवं असेल तर कंडक्टिव्हिटी मीटर बघा, रिफ्रॅक्टोमीटरकडनं ते होणार नाही.

अजून दोन गोष्टी. यातली आपोआप होणारी तापमानाची दुरुस्ती १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते, आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी वर्गात त्यावर भरवसा नको, सकाळचा तास घ्या. आणि पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी असेल तर साध्या मिठाच्या पाण्याला आकडा एखाद-दीडनं कमी येतो, ३५ ग्रॅमच्या जागी साधारण साडेछत्तीस ग्रॅम टाकलं की बरोबर बसतं.

शाळा-कॉलेजसाठी घ्या, बिनधास्त. फक्त काच दरवेळी गोड्या पाण्यानं पुसून ठेवा, मीठ वाळलं की पुढचं रीडिंग बिघडतं.