नेपियरसाठी कोणतं जिवाणू खत: ॲझोस्पिरिलम, ॲझोटोबॅक्टर, ॲसिटोबॅक्टर की पीएसबी?

नेपियर या चाऱ्याच्या गवताची नवी लागवड करायची आहे आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पाच बाटल्या मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर हिरव्यागार पिकाचं चित्र आणि 'सर्व पिकांसाठी' हे शब्द. माझं उत्तर आधीच सांगतो. पैसे एकाच बाटलीचे असतील तर ॲझोस्पिरिलम घ्या. दोन परवडत असतील तर सोबत पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. रायझोबियम नेपियरसाठी घेऊच नका. बाकीच्यांचं आपापल्या जागी काम आहे, पण ती जागा बहुतेक वेळा चाऱ्याचा प्लॉट नसते.

हे असं का, ते समजून घ्यायला आधी एक हिशेब करू. तो केल्याशिवाय कुठलीही बाटली विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एकरी वर्षाला ६० टन हिरवा चारा निघाला असं धरा. त्यात सुका भाग साधारण २० टक्के, म्हणजे १२ टन. सुक्या चाऱ्यात ८ टक्के प्रथिनं धरली तर ९६० किलो झाली. प्रथिनांना ६.२५ने भागलं की नत्र मिळतं: सुमारे १५४ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २०.७ किलो. म्हणजे सात गोण्यांहून जास्त युरियाचं नत्र आपण दरवर्षी विळ्याने कापून शेताबाहेर नेतो. धान्याच्या पिकात निदान काड-कुटार रानात राहतं. इथे बुडख्यापर्यंत सगळं गोठ्यात जातं.

आता हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू यातलं किती भरून काढतील? १९७६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात झालेल्या प्रयोगाचे आकडे 'सायन्स' या नियतकालिकात आले होते. थोडंच खत दिलेल्या बाजरी आणि गिनी गवताला हा जिवाणू लावला (तेव्हा त्याचं नाव स्पिरिलम लिपोफेरम होतं, पुढे ॲझोस्पिरिलम झालं), तर हेक्टरी बाजरीत ४२ आणि गिनी गवतात ३९ किलोपर्यंत नत्र वाचलं. बाजरी ही तर आपल्या संकरित नेपियरची आईच, कारण बाजरी आणि हत्तीगवत (म्हणजे मूळ नेपियर) यांच्या संकरातूनच ते तयार होतं. हेक्टरी ४० किलो म्हणजे एकरी १६, म्हणजेच ३५ किलो युरिया. एका गोणीपेक्षा कमीच, आणि हाही वरच्या टोकाचा आकडा. सात गोण्यांच्या भुकेपुढे तो दहावा हिस्सा आहे. म्हणून 'हे वापरा आणि युरिया बंद करा' असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा. पण दहावा हिस्सा, तोही एका बाटलीच्या किमतीत, ही सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

ॲझोस्पिरिलम

ॲझोस्पिरिलमचं गवताशी नातं जगासमोर आणलं ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर यांनी, १९७०च्या दशकात. त्या हा जिवाणू अर्धवट घट्ट, थलथलीत माध्यमात वाढवत. तो पृष्ठभागावर येत नसे, थोडं खाली पांढऱ्या पापुद्र्यासारखा जमत असे. त्यातच त्याचा स्वभाव दिसतो: त्याला हवा हवी, पण थोडीच. गवताच्या मुळाभोवती आणि मुळाच्या आतल्या पोकळ्यांत त्याला नेमकी तेवढी हवा मिळते, वर मुळातून पाझरणारं अन्नही मिळतं. नेपियर, गिनी, मका, ज्वारी ही सगळी या पंगतीतली.

पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की हवेतलं नत्र बांधणं ही त्याची अर्धीच कमाई आहे. तो मुळाशी ऑक्सिन हे वाढ-संप्रेरक तयार करतो. त्याने मुळांना फाटे फुटतात, केसमुळं वाढतात आणि तेच ठोंब जमिनीतून पाणी आणि खत जास्त उचलतं. आपल्या हलक्या, मुरमाड रानात मला हा फायदा नत्रापेक्षा मोलाचा वाटतो. म्हणूनच थोडं खत दिलेल्या प्लॉटात तो चांगला दिसतो. अगदी उपाशी रानात मुळं वाढून तरी ती उचलणार काय?

भरवसा किती धरायचा? १९९४ साली ओकोन आणि लाबांदेरा-गोन्सालेस यांनी जगभरातल्या वीस वर्षांच्या चाचण्या एकत्र मांडल्या. ६० ते ७० टक्के ठिकाणी उत्पादन वाढलं होतं, ५ ते ३० टक्क्यांनी. उरलेल्या ठिकाणी नाही. म्हणजे तीनातल्या एका शेतकऱ्याला फरक दिसणारच नाही, आणि त्यात त्याची चूक असेलच असं नाही.

ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने या जिवाणूचे एबी-व्ही५ आणि एबी-व्ही६ हे निवडक वाण आधी मका-गव्हासाठी आणि मग ब्रॅकियारिया गवताच्या कुरणांसाठी दिले. त्या कामामागच्या मारियांजेला उंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याजवळ पाहायचं तर तमिळनाडू कृषी विद्यापीठ संकरित नेपियरसाठी हेक्टरी २ किलो ॲझोस्पिरिलम आणि २ किलो स्फुरद जिवाणू एकत्र सुचवतं आणि खताच्या मात्रेत २५ टक्के बचत सांगतं. थेट नेपियरसाठी, आणि दोन्ही जिवाणूंची मिळून. माझं मत पक्कं व्हायला ही शिफारस मोठी कारण ठरली.

ॲझोटोबॅक्टर

दुकानात सगळ्यात सहज मिळतो तो हा. तो मुळात घर करत नाही, मोकळ्या मातीत राहतो. हवेतलं नत्र फोडायला खूप ऊर्जा लागते आणि ती त्याला मातीतल्या सेंद्रिय पदार्थांतूनच मिळवावी लागते. आपल्या बहुतेक रानांत सेंद्रिय कर्ब आधीच कमी, मग त्याने खायचं काय? आम्लधर्मी माती त्याला सोसत नाही, म्हणून कोकणातल्या जांभ्या जमिनीत त्याच्याकडून फार आशा धरू नये. ज्याच्याकडे गोठा मोठा आहे आणि दरवर्षी कुजलेलं शेणखत पडतं, त्याच्या मध्यम काळ्या रानात तो चांगला टिकतो. माती वाळली तर कवच घेऊन तग धरतो, हा त्याचा खरा गुण. दुकानात ॲझोस्पिरिलम नसेल तर दुसरी निवड याची.

ॲसिटोबॅक्टर

उसवाल्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीकडे, हा घरोघरी माहीत आहे. १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसात तो सापडला, पुन्हा डोबेराइनर यांच्याच प्रयोगशाळेतून. तो उसाच्या आत राहतो आणि त्याला साखर भरपूर लागते. उसासाठी आपल्याकडची शिफारस ठरलेली आहे: १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, बेणं अर्धा तास बुडवायचं. नेपियरही कांडीनेच लावतात म्हणून लोक तेच द्रावण त्यालाही वापरतात. ब्राझीलमध्ये नेपियरच्या 'कॅमेरून' वाणात हा जिवाणू सापडलेला आहे, त्यामुळे ते अगदीच चूक नाही. उसाचं द्रावण उरलं असेल तर नेपियरच्या कांड्या त्यात जरूर बुडवा. पण उसाइतकी साखर नेपियरच्या कांडीत नाही, म्हणून चाऱ्यासाठी मुद्दाम विकत घ्यायला मी सांगणार नाही.

पीएसबी

हे नत्र देत नाहीत. मातीत अडकलेला स्फुरद आम्लं सोडून मोकळा करतात. काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो आणि तिथे यांचं काम चालतं. मात्र फार चुनखडी असेल तर तीच चुनखडी ती आम्लं मारते. जांभ्या जमिनीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलेला असतो, तिथे यांचा जोर कमी पडतो. वर्षानुवर्षं डीएपी पडलेलं काळं रान असेल तर मातीत साठा आहे, पीएसबी घ्या. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला असेल तर हा खर्च टाळला तरी चालेल.

रायझोबियम आणि जीवामृत

रायझोबियम द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करतं, गवताच्या मुळांवर करत नाही. नेपियरच्या ओळींत चवळी किंवा दशरथ घास घेणार असाल, किंवा शेजारी लसूणघास, बरसीम असेल, तर त्या बियाण्याला लावा. तिथेही पाकिटावर त्याच पिकाचं नाव पाहिजे, कारण लसूणघासाचं रायझोबियम बरसीमला चालत नाही. खरं तर नेपियरमध्ये द्विदलाच्या दोन ओळी घेणं हा नत्राचा या पाचही बाटल्यांपेक्षा भक्कम मार्ग आहे, आणि जनावरापुढे प्रथिनांचा चारा पडतो तो वेगळाच.

जीवामृताबद्दल बरेच जण विचारतात. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन आणि २ किलो गूळ घातलेल्या २०० लिटरच्या पिंपात एकूण नत्र जेमतेम पाव किलो भरतं. जिवाणू असतात, पण कोणते आणि किती ते सांगता येत नाही. घरचं साहित्य असेल तर माती जिवंत ठेवायला जरूर द्या, पण ॲझोस्पिरिलमच्या जागी ते धरू नका.

पावडर की द्रवरूप

इथे माझा हात पोळलेला आहे. पहिल्या लागवडीला मी मे महिन्यात पावडरची पाकिटं आणली. ती दुकानाच्या पत्र्याखालच्या फळीवर किती दिवस पडली होती कुणास ठाऊक. घरी आणल्यावर पाहिलं तर आतली पूड कोरडी ठाक. त्या वर्षी लावलेल्या आणि न लावलेल्या सरीत मला काहीच फरक दिसला नाही. त्यानंतर मी द्रवरूपावर आलो.

खत नियंत्रण आदेशानुसार पावडरमध्ये एका ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात एका मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. पावडरमध्ये ओलावा ३० ते ४० टक्के पाहिजे. ती बोटांना ओलसर लागली नाही तर परत करा. पावडर साधारण सहा महिने, द्रवरूप वर्षभर टिकतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या सहा महिन्यांवर विसंबू नका. मिश्र जिवाणूंची बाटली घेत असाल तर प्रत्येक जिवाणूची संख्या वेगळी लिहिलेली आहे का ते पाहा. नुसती नावांची यादी असेल तर घेऊ नका.

लावायचं कसं

९० बाय ६० सेंटीमीटरवर लावलं तर एकरी साडेसात हजारांच्या आसपास दोन डोळ्यांच्या कांड्या लागतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. मग कांड्या सावलीत सुकवायच्या आणि शेवटी जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून ओल्या सरीत लगेच लावायच्या. उलट क्रमाने केलं तर बुरशीनाशकाने जिवाणू मरण्याचा धोका असतो.

खोडव्यात मात्र कांडी हाताशी नसते. कापणीनंतर काही दिवस मुळांची वाढ थांबते, म्हणून विळा लागल्या दिवशी जिवाणू सोडण्यात अर्थ नाही. आठ-दहा दिवसांनी फुटवे वर आले की कुजलेल्या शेणखतात कालवून, वाफशावर, ठोंबाजवळ द्या. ठिबक असेल तर द्रवरूप त्यातून सोडा, पण त्याच पाळीत ॲसिड किंवा क्लोरीन नको. युरिया आणि जिवाणू यांत आठवड्याभराचं अंतर ठेवा. मातीत अमोनिया भरपूर असला की हे जिवाणू हवेतलं नत्र बांधणंच थांबवतात.

आणि गोठ्याची मोरी एकदा नीट पाहा. गाय चाऱ्यातून खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेण-मूत्रातून परत देते. ते मूत्र गटारात जात असेल तर एकही बाटली घेण्याआधी तिथे टाकी बांधा. मघाच्या १५४ किलोंपैकी खरी परतफेड तिथूनच होते, जिवाणू त्यावरची भर आहेत.

शेवटी, माझ्या शब्दावर जाऊ नका. एकाच प्लॉटात शेजारी-शेजारी चार सऱ्या जिवाणू लावून आणि चार न लावता ठेवा. खुंट्या रोवा, खत-पाणी दोन्हीकडे सारखं द्या. प्रत्येक कापणीला दोन्हीकडचा चारा वेगळा मोजून वहीत लिहा. पहिल्या कापणीवर निकाल काढू नका, तोवर ठोंब बसलेलं नसतं. तिसऱ्या कापणीला लावलेल्या बाजूचं वजन जास्त भरलं, तरच पुढच्या पाळीला तिथला युरिया चौथाईने कमी करून पाहा, आणि त्या कापणीचंही वजन त्याच वहीत लिहा.