व्हीएस कोडचा वर्ड रॅप: मराठी लेबलंवाल्यांनी एक सेटिंग बदलाच

जळगावात बसून केळीच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करतो, त्यामुळे कोडमध्ये मराठी मजकूर ढीगभर, "हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्यास देय रक्कम" असली वाक्यं एकेका स्ट्रिंगमध्ये आणि लॅपटॉप १४ इंची. आडवं स्क्रोल करून करून जीव जायचा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ऑल्ट-झेड दाबून वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ कडेला मोडून खाली दाखवणं, चालू केलं आणि सुटलो.

यात फाइलला काही होत नाही, ओळ फक्त दिसायला मोडते. लाइन नंबर एकदाच येतो, खालच्या तुकड्यापुढे जागा कोरी, म्हणजे लगेच कळतं की ही तीच ओळ आहे. तो तुकडा मूळ ओळीच्याच इंडेंटवर (ओळीआधी सोडलेल्या जागेवर) येतो, मी रॅपिंग इंडेंट बदलून एक पायरी आत घेतलंय, पायथनमध्ये नाहीतर फसायला होतं.

खरोखर एंटर मारणारा रॅप कसा नडतो ते मी भोगलंय. गिऱ्हाईकाचा जुना सर्व्हर, त्यात टर्मिनलमधला नॅनो एडिटर, तोही जुना, बॅकअपसाठी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्रामची) लांबलचक ओळ टाकली, सेव्ह केलं तर म्हणे 'बॅड मिनिट'. अर्धा तास मिनिटाचा आकडाच तपासतोय मी, शून्य म्हणजे शून्य, त्यात काय बॅड! शेवटी भुसावळच्या मित्राला स्क्रीन दाखवली तर तो हसायलाच लागला, "भो, ओळीचं शेपूट खाली पडलंय ना तुझ्या." क्रॉन त्या शेपटालाच नवी ओळ समजून त्यात मिनिट शोधत होता. २०१९ च्या ४.० व्हर्जनच्या आधी नॅनो लांब ओळ आपणहून तोडायचा, डब्ल्यूचा ऑप्शन देऊन ते बंद करावं लागायचं. चूक माझीच, पण तेव्हापासून कोडमध्ये आपोआप एंटर नको म्हणजे नको.

आता तक्रार. देवनागरीत रॅपची कड नीट जुळत नाही, कधी अलीकडेच तुटते, कधी पलीकडे जाते. कारण रॅपिंग स्ट्रॅटेजी मुळात 'सिंपल' असते, ती सगळी अक्षरं एकाच रुंदीची धरते, आता 'क्ष्मी' आणि 'र' एका मापाचे कसे असतील? ती 'ॲडव्हान्स्ड' करा, मग मोजमाप ब्राउझरचं इंजिन करतं आणि काम चोख होतं. मोठी फाइल त्याने अडकू शकते असं सेटिंगखालीच लिहिलंय, म्हणून रेटच्या सीएसव्ही उघडताना मी परत सिंपल करतो, कटकट आहे थोडी.

वर्ड रॅपचं सेटिंग 'बाउंडेड' पण करून बघा, खिडकी किंवा ८० कॉलम यातलं जे कमी तिथे मोडतं. मार्कडाउनला (साध्या खुणांनी मांडणी करायच्या मजकुराच्या फाइलींना) रॅप आधीपासूनच चालू असतो, बाकी कोडला बंद.

पाचपैकी चार. एक स्टार त्या क्ष्मीसाठी कापला.