बीचवर ‘फ्री कॅम्पिंग’ म्हणून आमचे ९४०० गेले, कोकणात तंबू घेऊन जाणाऱ्या खान्देशवाल्यांनी वाचाच

आपल्याकडून थंडीत कोकणात गाडी घेऊन जाणारे आता खूप झालेत. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठूनही निघा, रस्त्यात एमएच १९ आणि एमएच १८ च्या गाड्या दिसतातच. आणि त्यातले बरेच जण डिसेंबरचे हॉटेलचे रेट बघितले की म्हणतात सोड ना भो, तंबू घेऊ, बीचवर टाकू, समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे का. ह्याच लोकांना पकडायला एक पद्धत चालू झालीय. त्यात जागेचे पैसे कोणी मागतच नाही. जागा एकदम फ्री सांगतात आणि परवानगीचे पैसे घेतात, म्हणून संशय येत नाही.

आम्ही अमळनेरचे. आमची फॅमिली, साडूभाऊंची फॅमिली आणि वाटेत पुण्याहून त्यांचा मुलगा बसणार होता जो तिथं एमपीएससी करून राह्यला. साडूभाऊ चोपडा तालुक्यात ग्रामसेवक आहेत (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय पण आम्ही ग्रामसेवकच म्हणतो), हे पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगितलं. मालवण-देवगड पट्ट्यात कुठंतरी शांत किनारा पाहिजे होता, तारकर्लीसारखी गर्दी नको होती, म्हणून मी ‘फ्री बीच कॅम्पिंग’ टाकून शोधत बसलो आणि मॅपवर एक पिन सापडली, फोटो भारी, रिव्ह्यू सगळे पाच स्टार, खाली व्हॉट्सॲप नंबर. किनाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्या गावाचा ह्यात काही दोष नाही, उलट त्यांनाच ताप आहे.

माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू. पैशाचं एक अक्षर नाही. सर किती जण, सर लहान मुलं आहेत का, सर व्हेज की नॉनव्हेज. म्हणे जागा गावाची आहे, भाडं शून्य, फक्त ग्रामपंचायतीची परवानगी काढावी लागते, ती मी काढून देतो, तंबूमागे ३५० रुपये शुल्क आणि २००० डिपॉझिट, कचरा न करता गेलात की डिपॉझिट परत. आता तुम्हीच सांगा, ह्यात खटकण्यासारखं काय आहे, कचऱ्यासाठी डिपॉझिट म्हटल्यावर तर उलट माणूस शिस्तीचा वाटतो. चार तंबूंचे १४०० आणि ८००० असे ९४०० यूपीआयने पाठवले. अर्ध्या तासात पीडीएफ आली, गोल शिक्का, जावक क्रमांक, खाली सही, वर राजमुद्रा पण. सगळ्या मोठ्यांचे आधार कार्डचे फोटो पण मागितले होते त्याने, त्यातले दोन गेले, बाकीचे रेंज नव्हती म्हणून राहिले ते नशीब.

अमळनेरहून धुळे, शिर्डी, पुणे, कोल्हापूर असं सात-साडेसातशे किलोमीटर पडतं, एका दमात जाऊ नका, पुण्यात मुक्काम करा. आम्ही पुण्यात केला. सकाळी पोरगं गाडीत बसलं आणि कराडच्या आसपास टाइमपास म्हणून ती पीडीएफ वाचत होतं तर म्हणे काका हे काय आहे, तालुका मालवण जिल्हा रत्नागिरी लिहिलंय. सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झालाय, ह्यांचा शिक्का त्याच्या आधीचा आहे का. आपल्याकडे कोणी तालुका शहादा जिल्हा धुळे छापून दिलं तर आपण लगेच म्हणू ना की नंदुरबार १९९८ ला वेगळा झाला, पण कोकणाचं आपल्याला काय माहीत. मी त्या माणसाला फोन लावला, तो हसून म्हणाला टायपिंग मिस्टेक सर, तुम्ही या तर. मग पोराला चेव आला, त्याने जाहिरातीचा मेसेज पण उघडला, त्यात लिहिलेलं ‘तंबूच्या दारातून समुद्रातला सूर्योदय’. गाडीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. कोकणात समुद्र पश्चिमेला, तिथं सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो तो सह्याद्रीकडून. फोटो पण कुठल्या दुसऱ्याच किनाऱ्याचे होते, नंतर बघितलं तर त्यात पाणी काचेसारखं निळं आणि मोठमोठे गोल दगड, आणि आम्ही पोचलो तिथं साधी वाळू आणि सुरूचं बन.

पिन मात्र बरोबर जागेवर नेते. संध्याकाळी चारच्या सुमाराला पोचलो, मस्त मोकळी जागा, कोणी नाही, म्हटलं जिल्हा चुकला असेल पण जागा तर आहे ना. दोन तंबू उभे होईपर्यंत माडाच्या बागेतून एक म्हातारी आजी आल्या आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा. “खयसून इलात?” सांगितलं. मोबाईलवर पीडीएफ दाखवली तर मुलाने चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, “ह्यो कागद कोणी दिल्यान तुमका?” जागा त्यांची. वरचा सगळा पट्टा त्यांच्या घराण्याचा, सातबाऱ्यावर भावकीची नावं इतकी की स्वतः त्यांना विकायचं म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता पिढी जाईल, आणि आम्हाला ती कोणीतरी व्हॉट्सॲपवर दिली होती. आधी पण पुण्याची पोरं अशीच कागद घेऊन आलेली, भांडून गेली म्हणे.

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली जी मला पैशापेक्षा जास्त लागली. पिन जिथं होती आणि त्या माणसाने जिथं तंबू लावायला सांगितलं होतं ‘एकदम सी टच’, तिथून वरच्या बाजूला वाळूत वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, प्लास्टिकच्या बाटल्यांची एक लांब रेघ होती. “रातीचा पाणी हयसर येता.” आम्ही चांदणं बघायला मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो होतो. आता आपल्याला तापीचा पूर कळतो, भरती कुठं कळते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं, आणि कोकणातल्या लोकांचा सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री अकरा-बाराच्या दरम्यान सगळी झोपलेली असताना. त्या माणसाला हे माहीत नसेल असं नाही, त्याला फरकच पडत नव्हता, त्याचे पैसे आधीच आलेले.

आजींनी तंबू त्यांच्या घरापुढच्या खळ्यात (तिकडे अंगणाला खळं म्हणतात) टाकायला लावले, माडाखाली टाकू दिले नाहीत (वरून नारळ पडला तर तंबूचं कापड काय करणार, हे आपल्या डोक्यातच येत नाही कारण आपण केळीच्या बागेतली माणसं). पाणी आणि बाथरूमचे मुलाने २०० रुपये घेतले, ते पण आम्ही चार वेळा विचारल्यावर. बायकोने बिबडे (आपले ज्वारीचे पापड) आणि शेव दिली, आजींना बिबडे कडक वाटले, खरं सांगतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. अंधार पडता पडता दोन पोरं बाईकवर आली, हातात पावती पुस्तक, म्हणे पार्किंग आणि बीच सफाई, गाडीमागे ३००, कॅम्पिंगवाल्यांना कम्पल्सरी. आमच्या गाड्या बाहेर रस्त्याला होत्या. मी पाकीट काढणार तेवढ्यात साडूभाऊंनी पावती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि मला अहिराणीत म्हणाले, “हाई पावती खोटी शे, पैसा देऊ नको.” मग त्या पोरांना एकदम साहेबाच्या आवाजात विचारलं, नमुना सात कुठाय? ग्रामपंचायत जे किरकोळ पैसे घेते त्याची सामान्य पावती नमुना सातची असते आणि कराची किंवा फीची असेल तर नमुना दहा, हे त्यांचं रोजचं काम. ह्या पावतीवर नमुन्याचा पत्ता नाही, ग्रामपंचायतीचं नाव नाही, नुसतं ‘बीच विकास’ आणि अनुक्रमांक हाताने लिहिलेला. ठराव कोणत्या ग्रामसभेचा, तारीख काय असं विचारलं तर पोरं म्हणे आम्ही फक्त कलेक्शन करतो, आणि बाईक वळवून गेली. ती त्याच माणसाची होती की गाड्यांचे नंबर बघून आलेली वेगळीच होती ते मला सांगता येणार नाही. पण काही गावात ग्रामपंचायत खरंच पार्किंग किंवा स्वच्छतेचे पैसे घेते, तिथं हुज्जत घालू नका, पावती नीट बघा आणि द्या.

साडूभाऊंनी रात्री जेवताना जे सांगितलं ते मी थोडक्यात टाकतो कारण हेच कोणाला माहीत नसतं. भरतीच्या रेषेच्या खालची वाळू सरकारची, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० मध्येच आहे ते. रेषेच्या वर गेलं की मग ती जागा कोणाच्या तरी मालकीची, नाहीतर वनखात्याची, नाहीतर गावाची. म्हणजे खाली झोपलात तर भरती उठवणार आणि वर झोपलात तर मालक उठवणार. मालकाची परवानगी मालकच देतो, तोंडी, समोर उभं राहून, त्याला गोल शिक्का लागत नाही. कोणी जागा देतो म्हटलं की गाव आणि सर्व्हे नंबर विचारा, सरकारच्या महाभूलेख साइटवर बिनसहीचा सातबारा फुकट बघता येतो, नावं दिसतात. मी नंतर मुद्दाम दुसऱ्या नंबरवरून अशाच एका जाहिरातवाल्याला सर्व्हे नंबर विचारला तर त्याने आधी ‘सर लोकेशन पाठवलंय ना’ आणि मग ब्लॉक.

आता डिपॉझिट. निघायच्या दिवशी मी त्या पहिल्या माणसाला फोन केला, म्हटलं बघू तरी काय म्हणतो. तो अजिबात गडबडला नाही. म्हणे सर कचरा केला नाही ना, मग तुमचे ८००० लगेच रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा आणि यूपीआयचा पिन टाका. इथं खरा डाव होता भो. क्यूआर उघडला तर त्यात ८००० आधीच भरलेले आणि खाली पे करा. पैसे यायला पिन लागत नसतो, पिन फक्त पैसे जाताना लागतो, हे पोराने फोन हातातून ओढून घेऊन सांगितलं. म्हणजे ९४०० हे नुसतं सुरुवातीचं होतं, जो माणूस भांडायच्या मूडमध्ये रिफंड मागतो तोच घाईत पिन टाकतो, त्यांना ते बरोबर माहीत आहे. नाही म्हटल्यावर आवाज बदलला, तुमचे आधार माझ्याकडे आहेत वगैरे. आधारचं बायोमेट्रिक त्याच दिवशी ॲपवरून लॉक करून टाकलं, आणि इथून पुढं कोणी मागितलं तर मास्क केलेलं आधार द्या ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइन नंबरला फोन केला. लागायला वेळ लागतो, सोडू नका. त्यांना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक लागतो, समोरच्याचा यूपीआय आयडी, वेळ, रक्कम, तो स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, चॅट डिलीट करू नका रागाच्या भरात. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार टाकली, पोचपावती नंबर आला. १९३० वरच्या माणसाने एकच विचारलं, पैसे गेले तेव्हाच का नाही केला फोन, कारण लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवता येतात, आम्ही तर मुक्काम करून, मासे खाऊन मग केला. पैसे अजून आलेले नाहीत. मॅपवरच्या त्या पिनला खोटी जागा म्हणून रिपोर्ट केलं, ती गेली, पण नाव बदलून थोडी उत्तरेला तसलीच एक आलीय, फोटो तेच निळ्या पाण्याचे.

ज्यांना खरंच तंबूच टाकायचाय त्यांच्यासाठी: दिवसाउजेडी पोचा, गावात आधी पोलीस पाटील किंवा सरपंचाला भेटा, देवळाच्या किंवा शाळेच्या मैदानाचं विचारा, नाहीतर कोणाच्याही घरी खळ्यात टाकू का विचारा, बहुतेक लोक पाणी-बाथरूमचे थोडे घेऊन हो म्हणतात. होड्या ओढून ठेवलेल्या असतील तिथं टाकू नका, पहाटे रापणवाल्यांना (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) ती जागा लागते. सुरूच्या बनात चूल नको, खालचा पाला पेट्रोलसारखा पेटतो. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा वाळूत शेकोटी आणि मोठे लाईट तर अजिबातच नको, गावातली पोरं राखण करतात आणि ती योग्यच ओरडतात. वाळूत तंबूचे खिळे धरत नाहीत, रिकाम्या पिशव्या न्या, वाळू भरून पुरा. आणि कोणाला ह्याच नंबरवरून पीडीएफ आली असेल तर मला मेसेज करा, मी तक्रारीचा क्रमांक देतो, तुमच्या तक्रारीत तो टाका.