लॅमी सफारी शाईपेन: सलग अक्षर लिहिणाऱ्यांच्या किती कामाचा?

कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं जोडून सलग लिहायचं इंग्रजी वळण, आता लिहितं कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कुणीच नाही, सगळे टाइप करतात. पण जे अजून कागदाला पेन लावतात त्यांचं अक्षर नीट पाहा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पेन न उचलता शब्द पूर्ण करणारे थोडेच, हे खरं. मात्र प्रत्येक अक्षर सुटं काढणारेही तितकेच थोडे. बहुतेकांचा हात मिश्र असतो. 'टी' आणि 'एच' एका झटक्यात, 'आय-एन-जी' जोडून, 'एस' छापील, कॅपिटल सगळी सुटी. सही सलगच येते. घाईत घेतलेली टिपणं, रोजनिशी, भेटकार्डावरच्या दोन ओळी, इथे जोड आपोआप वाढतात. फॉर्म भरताना मात्र सुटं लिहावं लागतं, कारण तिथे दुसऱ्याला वाचायचं असतं.

शाळांमध्येही चित्र एकसारखं नाही. अमेरिकेतल्या २०१० च्या कॉमन कोअर या शालेय निकषांत कर्सिव्ह नव्हतं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत ते परत आणलं. फिनलंडने २०१६ पासून सक्ती काढून टाकली. फ्रान्समधली मुलं आजही प्राथमिक शाळेच्या सुरुवातीपासून जोडूनच लिहितात.

कर्सिव्ह मागे पडलं त्यात कीबोर्डाइतकाच बॉलपेनचाही वाटा आहे, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. बॉलपेनची शाई घट्ट असते. गोळी फिरवायला दाब लागतो, पेनही बराच उभा धरावा लागतो. सुट्या अक्षरात पेन दर अक्षराला उचलला जातो, तेवढाच बोटांना विसावा. सलग अक्षरात तो मिळत नाही. दाब शब्दभर तसाच राहतो आणि पान संपायच्या आत अंगठ्याचा सांधा ठणकू लागतो. मग माणूस 'माझं अक्षरच वाईट' म्हणून सुट्या अक्षरांवर येतो. शाईपेनात शाई केशाकर्षणाने स्वतःहून कागदावर उतरते. पेन टेकवायचा आणि सरकवायचा, बस. म्हणून सलग लिहायचं असेल तर आधी पेन बदलावा, किता नंतर गिरवावा. त्यासाठी सगळ्यात जास्त सुचवला जाणारा पेन म्हणजे लॅमी सफारी, आणि इथे तो फक्त याच एका कसोटीवर तपासला आहे.

सफारी १९८० मध्ये आला. वोल्फगांग फाबियान यांचं डिझाइन, जर्मनीतल्या हायडेलबर्गची कंपनी, आणि गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवलं ते शाळकरी मुलांचं. अंग एबीएस प्लास्टिकचं. टोपणासकट वजन १७ ग्रॅमच्या आसपास, लांबी साधारण १४ सेंमी. टोपण मागे खोचलं तर पेन साडेसोळा सेंमीच्या घरात जातो आणि तोल मागे झुकतो. सलग लिहिताना हा मागचा भार निब वर उचलत राहतो, म्हणून टोपण काढून बाजूला ठेवावं. टोपणाशिवायही पेन हाताला आखूड वाटत नाही.

आता पकड. सफारीची खरी परीक्षा इथेच होते. पकडीच्या जागी प्लास्टिक दोन बाजूंनी सपाट तासलेलं आहे: एका सपाटीवर अंगठा, दुसरीवर तर्जनी, खालून मधल्या बोटाचा आधार. यामुळे पेन बोटांत फिरत नाही. ही गोष्ट दिसते त्यापेक्षा मोठी आहे. निबेला मधोमध चीर असते आणि चिरेच्या दोन्ही पाती कागदावर सारख्या टेकल्या तरच रेघ सलग येते. कर्सिव्हमध्ये निम्म्या रेघा वर जाणाऱ्या असतात. त्या वेळी पेन जरासा जरी कलंडलेला असला तरी एक पात कागदात रुतते, खरखर होते, कधी शाई तुटते. गोल पकडीच्या पेनात नवशिक्याचा पेन ओळीच्या शेवटापर्यंत हळूहळू फिरतो आणि दोष निबेला दिला जातो. सफारीत ते होत नाही.

पण अंगठा तर्जनीवर चढवून धरणारे किंवा पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरणारे असाल, तर या सपाट्यांच्या कडा नेमक्या नको तिथे टोचतात. सवयीने बरं वाटेल, असं लोक सांगतात. बहुतेकांना वाटत नाही. अशांनी पायलट या जपानी कंपनीचा काकुनो शाईपेन पाहावा. २०१३ साली तोही मुलांसाठीच आला; त्याच्या पकडीचा त्रिकोण गुळगुळीत, गोलसर आहे, बोट थोडं इकडेतिकडे ठेवलं तरी चालतं. (त्याच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला आहे. चेहरा आपल्याकडे पाहत असला की निब बरोबर धरलेली आहे. युक्ती फार साधी, पण कामाची.)

निबेची जाडी निवडताना सगळ्यात जास्त गफलत होते. सफारीची निब पोलादी आणि ताठ आहे. जाड-बारीक रेघांचं नक्षीकाम तिच्याकडून होणार नाही. दाब दिला तर रेघ फुलत नाही, पाती कायमच्या फाकायचा धोका मात्र असतो. रोजच्या लिखाणाला ताठपणाच बरा. जाडीचा हिशेब असा: एफची (फाइन) रेघ अर्ध्या मिलीमीटरच्या जवळ, एम (मीडियम) त्याहून थोडी जाड, ईएफ (एक्स्ट्रा फाइन) थोडी बारीक. जपानी पेनांचा एफ याहून स्पष्ट बारीक असतो. लॅमीचा एफ त्यांच्या एमच्या जवळ जातो. कर्सिव्हमध्ये छोट्या 'ई'चा आणि 'एल'चा फास उघडा राहिला पाहिजे. छोट्या अक्षरांची उंची ३ मिमी ठेवत असाल तर एममध्ये 'ई'चा फास शाईने बुजून 'आय'सारखा दिसू लागतो. तेवढ्या उंचीला एफ किंवा ईएफ. ४ मिमी किंवा मोठं अक्षर असेल तर एम अधिक सुखाची, कारण टोक रुंद म्हणून वरच्या रेघेला ती कमी अडखळते.

निब तपासायला दोन शब्द पुरतात. 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द सलग लिहा: सगळे चढउतार सारखे, त्यामुळे कुठे शाई तुटते आणि कुठे अंतर बिघडतं ते लगेच दिसतं. मग 'बेव्हल' (bevel) लिहा. 'बी' आणि 'व्ही' ही अक्षरं वरच्या पातळीवर संपतात आणि तिथूनच पुढचा 'ई' धरायचा असतो. कर्सिव्हमधले सगळ्यात अवघड जोड हेच ('ओ' आणि 'डब्ल्यू' यांचीही तीच तऱ्हा), आणि बिघडलेली निब नेमकी इथे उघडी पडते.

शब्दाचं पहिलंच टोक उमटत नसेल आणि पुढे रेघ नीट येत असेल, तर बहुधा निबेच्या चिरेच्या कडा गरजेपेक्षा जास्त गोल घासल्या गेल्या आहेत. शाई चिरेत असते, कागदापर्यंत पोचत नाही. जोर देणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. हलक्या हाताने सलग लिहिणाऱ्याला ते पावलोपावली छळतं. घरी घासत बसू नये, निब बदलावी. सफारीचा मोठा फायदा हाच. निबेच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवा, पेन घट्ट धरा आणि निब सरळ पुढे ओढा. ती जिभेवरून, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या खालच्या पट्टीवरून, सरकून निघते. वाकडी ओढू नका, खालची जीभ निसटते. नवी निब त्याच खाचांत मागे सरकवली की काम झालं. डावखुऱ्यांसाठी एलएच नावाची निब मिळते. पण ओळीच्या वरून हात वळवून लिहिणाऱ्याची शाई त्या निबेनेही फासली जाईल. तिथे लवकर सुकणारी शाई हाच उपाय.

नवा पेन लिहीत नाही, ही तक्रार हमखास येते. पेनात कार्ट्रिज (शाई भरलेली बंद नळी) असते, पण ती आधीच फुटू नये म्हणून पुढचा भाग आणि दांडा यांच्या मध्ये पुठ्ठ्याची कडी घातलेली असते. दांडा उघडून कडी काढून टाका आणि परत पूर्ण आवळा. टोचल्याचा हलका 'टक' जाणवतो. पेन निब खाली करून काही मिनिटं ठेवला की शाई जिभेतून उतरते. कार्ट्रिज टी१० प्रकारचीच लागते, इतर कंपन्यांच्या सर्वसाधारण छोट्या कार्ट्रिज बसत नाहीत. बाटलीतली शाई वापरायची तर झेड२८ कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची नळी) बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. त्याच्या अंगावरचे दोन बारीक उंचवटे पेनाच्या खाचांत बसले पाहिजेत, नाहीतर तो शाई भरताना सैल होतो. कार्ट्रिजपेक्षा त्यात शाई कमी मावते. दांड्यातल्या लांबट खिडकीतून ती किती उरली ते दिसतं, हे फार सोयीचं.

कंपनीची निळी शाई धुऊन जाणारी आहे. मुलांच्या कपड्यांसाठी छान, सहीसाठी वाईट. कागदपत्रांवर याच पेनाने सही करायची तर रंगकणांची पाण्यात न विरघळणारी शाई घ्या, पण मग पेन आठवडाभर न लिहिता पडू देऊ नका. एरवीही महिन्यातून एकदा साध्या थंड पाण्याने पेन धुवावा. गरम पाणी आणि स्पिरिट, दोन्ही नको.

कागदाने अर्धा खेळ बिघडतो. साध्या ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) कॉपिअर कागदावर शाई धाग्याधाग्याने फुटते आणि एफची एम होते. ९० जीएसएमचा गुळगुळीत वहीचा कागद पुरे. त्याहून चकचकीत कागदावर शाई उशिरा सुकते, पान उलटताच समोरच्या पानावर ठसा. कागद तिरका ठेवा: उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वरची कड डावीकडे सुमारे ३० अंश कलवली की अक्षरांचा तिरपेपणा आपोआप येतो, मनगट मुरडावं लागत नाही. पेन ४५ ते ५५ अंशांत, बॉलपेनपेक्षा बराच आडवा. पुढचा हात टेबलावर सरकू द्या, नुसत्या बोटांनी अक्षर रेटू नका.

क्लिपबद्दल एवढंच, की ती मोठ्या पेपरक्लिपसारखी आहे आणि जाड खिशालाही धरते. रंगांत कोळशी रंगाचा पृष्ठभाग खडबडीत आहे, पकड घामटली तर तो कमी निसटतो. बाकीचे बहुतेक गुळगुळीत. लॅमीचाच धातूचा एएल-स्टार घ्यायचं कारण फक्त दिसणं. निब आणि पकडीचा आकार तोच.

दिवसाला चारपाच ओळी आणि त्याही फॉर्मवर, एवढंच लिखाण असेल तर जेल पेन पुरे, हा खटाटोप नको. रोज पानभर टिपणं किंवा रोजनिशी लिहिणाऱ्याने, बोटांची पकड नेहमीची असेल तर, सफारी घ्यावा: एफ निब, सोबत कन्व्हर्टर, कोळशी रंग. एम निब हात बसल्यावर वेगळी मागवता येते.