पहिला तास पक्का, तिसरा दिवस कच्चा

सेवा: विषबाधेचे तातडीचे उपचार
ठिकाण: कोल्हापुरातलं एक खासगी रुग्णालय (नाव मुद्दाम देत नाही)
५ पैकी साडेतीन

करवीर-पन्हाळ्याकडून फवारणीची बाधा झालेला पेशंट आला की इथली कॅज्युअल्टी झटक्यात हलते. नातेवाइकांना पहिला प्रश्न, "बाटली आणली का?" आणि तोच बरोबर. लेबलवर पॅराक्वाट (तणनाशक) निघालं तर ऑक्सिजनसुद्धा हात राखून द्यावा लागतो. कपडे उतरवून साबण-पाण्यानं अंग धुणं दारातच होतं, धुणाऱ्याच्या हातात ग्लोव्ह्ज असतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं साफ बंद. पोलीस केस नोंदवतात, पण त्यासाठी सुई अडत नाही.

ॲट्रोपिनच्या (ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं मुख्य औषध) बाबतीत मात्र मानलं पाहिजे. ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अँप्यूल एकदम, मग दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून हात आखडत नाहीत. छातीतली घरघर जायला हवी, नाडी आणि वरचं बीपी दोन्ही ८० च्या वर हवं, काख कोरडी हवी. त्यानंतर एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. अर्ध्या तासात पन्नास अँप्यूल उडू शकतात. इथे खोकाच हाताशी असतो, मेडिकलमध्ये कुणाला पळवत नाहीत. पॅम (प्रालिडॉक्सिम, याच विषावरचं दुसरं औषध) वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम, तेही २०-३० मिनिटांत सावकाश. भसकन ढकललं तर हृदय बंद पडू शकतं.

दीड गुण कापलाय तो वॉर्डात. रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्याक्षणी तुटते. झटके ६ ते ४८ तासांत येऊ शकतात, भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत. नेमका तिसऱ्या दिवशी पेशंट बडबडायला लागतो आणि इथे फाइलवर 'ॲट्रोपिन जास्त झालं' लिहून ड्रिप बंद, हात बांधलेले. अहो, काखेत हात घालून बघा! ॲट्रोपिन जास्त झालं तर कातडी गरम, कोरडी आणि पोट गप्प. दारू तुटली असेल तर घाम, हात थरथरणारे आणि पोटात गुडगुड. घामाबरोबर बाहुल्या बारीक आणि छाती पुन्हा वाजत असेल, तर विषच उलटलंय, ॲट्रोपिन वाढवा. दारूचा त्रास ठरला की डायझेपाम (शांत करणारं, झटके रोखणारं औषध) १० मिलिग्रॅम शिरेतून हळू, श्वासावर नजर ठेवून, गरजेप्रमाणे पुन्हा. लिव्हर खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व). नुसतं हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं औषध) टोचून गप्प केलं तर झटक्याचा धोका वाढतो.

याच दिवसांत विषामुळे मानेचे स्नायू ढिले पडून श्वास बंद पडू शकतो. दर शिफ्टला "उशीवरनं डोकं उचला" एवढंच म्हणायचं असतं. रात्रपाळीच्या चार्टवर तो रकानाच नाही.

नातेवाइकांनी दाखल करतानाच सांगावं: रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली. फॉर्ममध्ये विचारत नाहीत, बायकोसमोर पेशंट खरं बोलत नाही.