कट वेगळ्या वाटीत देतात, म्हणून बाबांना नेता आलं

कोल्हापूरला मावशीकडे गेलो की मिसळ ठरलेलीच, पण बाबांना दोन वर्षांपासून जीईआरडी आहे, म्हणजे अन्ननलिका आणि जठराच्या मधली झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर येतं. तिखट पोटात गेलं की रात्री दोनला उठून बसतात, छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. मागे हायवेवर एका ठिकाणी "कमी तिखट द्या" असं दोनदा सांगूनही पोऱ्याने वरून पळीभर कट, म्हणजे तिखट लाल रस्सा, ओतला होता, तेव्हापासून त्यांनी मिसळीचं नावच सोडलं.

कोल्हापुरातल्या या मिसळीच्या हॉटेलात मात्र काउंटरवरच्या काकांना ॲसिडिटीचं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मग कट बाजूला देतो, आणि दही घ्या सोबत." ताटलीत मटकीची साधी उसळ, वर फरसाण, आणि शेजारी स्टीलच्या वाटीत लालभडक कट, त्यावर तर्रीचा, म्हणजे तरंगणाऱ्या लाल तेलाचा, जाड थर. बाबांनी चमच्याने तर्री कडेला सारली आणि खालचा अर्धा चमचा रस्सा घेतला. हे बरोबरच आहे, मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं त्यामुळे जास्त जाळ तर्रीतच असतो, आणि पाण्याने तो जात नाही, दह्याताकाने उतरतो कारण दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. कच्चा कांदा त्यांना वर्ज्य आहे, तोही न विचारता वेगळ्या डिशमध्ये आला! ब्रेडच्या दोन स्लाइस, उसळ आणि दही, बाबा किती दिवसांनी पोटभर आणि निवांत जेवले.

आमच्या भाऊजींना फिशर आहे, म्हणजे गुदद्वाराला चीर पडलीये, तरी त्यांनी दोन वाट्या कट घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फार हाल झाले. जिभेवर मिरची झोंबते ती ज्या रिसेप्टरमुळे, म्हणजे जळजळ ओळखणाऱ्या संवेदकांमुळे, तेच खाली गुदद्वारापाशीपण असतात, म्हणून मूळव्याध, फिशरवाल्यांनी आणि ज्यांना आयबीएसचा, म्हणजे नाजूक आतड्यांमुळे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याचा, त्रास आहे त्यांनी इथे कट खरंच जपून घ्या. अल्सर मिरचीने होतो असं मावशी म्हणत होती, तसं नाहीये, तो बहुतेक वेळा एच. पायलोरी नावाच्या जंतूमुळे नाहीतर पेनकिलरच्या गोळ्यांनी होतो, त्या जंतूच्या शोधाला 2005 चं नोबेल मिळालंय. पण अल्सर असताना तिखटाने जळजळ होते ती होतेच.

चव एकदम मस्त, कांदा लसूण मसाला घरचा वाटतो. फरसाण मात्र फार तेलकट, बाबांसाठी आम्ही अर्धं काढून ठेवलं, नुसत्या उसळीची प्लेट वेगळी मिळाली तर फार बरं होईल. आणि कट वेगळा मिळतो हे बोर्डावर लिहा ना, कितीतरी लोक न विचारताच परत जात असतील.

आम्ही सकाळी नऊला गेलो होतो, नंतर बाबा आडवे न होता रंकाळ्यावर फिरून आले आणि रात्री शांत झोपले. पाचपैकी साडेचार.